रीफ टँकसाठी खारं पाणी घरी कसं बनवायचं आणि कसं साठवायचं: विदर्भातल्या गावांसाठी

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल्स (पोवळी) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, पाणी बदललं की दोन दिवस कोरल्स मिटून बसतात, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, मीठ कधी घातलं होतं? उत्तर बहुधा ‘आज सकाळीच’ असं येतं. सकाळी मीठ घातलं, तासाभरात पाणी नितळ दिसलं, दुपारी टँकमध्ये ओतलं. मग विचारतो, पाणी कुठलं? ते स्वयंपाकघरातल्या आरओचं किंवा गावच्या प्लांटवरून आणलेल्या कॅनचं निघतं. बहुतेक तक्रारींचं मूळ या दोन उत्तरांतच सापडतं.

आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लाईन केव्हा जाईल याचा नेम नसतो, बोअरचं पाणी जड असतं आणि मीठ संपलं तर कुरिअर तालुक्याच्या गावी येऊन पडतं. त्यामुळे ऐनवेळी पाणी बनवायचा विचारच सोडून द्या. पाणी आधी बनवून, मोजून, झाकून ठेवलेलं असलं पाहिजे. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे, आणि तो मोडू नका.

आधी जमवायच्या वस्तू

झाकणाचे दोन ड्रम, प्रत्येकी किमान ५० लिटरचे: एक गोड्या शुद्ध पाण्याचा, दुसरा खाऱ्या पाण्याचा. एक पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) किंवा सबमर्सिबल पंप. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारं उपकरण), थर्मामीटर आणि अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेटची) टेस्ट किट. डीआय रेझिनसह (आरओनंतर उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) आरओ. आणि रीफसाठीचं सॉल्ट मिक्स (समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेलं तयार मीठ), निदान दोन महिने पुरेल इतकं.

ड्रम नवा आणि फूड ग्रेडचा घ्या. तळाशी त्रिकोणात २ आकडा असलेलं प्लास्टिक चालतं. बाजारात स्वस्तात मिळणारे वापरलेले निळे ड्रम घेऊ नका, कारण त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या झाडांना बोर्डो लावतात. त्यासाठी मोरचूद ज्या ड्रममध्ये कालवलं असेल, तो कितीही धुतला तरी या कामाचा नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तांब्याच्या अगदी थोड्या अंशानेही कोळंबी, गोगलगायी आणि कोरल्स मरतात. कपाशीवर फवारणीसाठी वापरलेली बादली, मग किंवा काडीही या पाण्याजवळ आणू नका. फवारणीच्या दिवशी टँकच्या पाण्यात हात घालायचाच नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

टप्पा १: गोडं पाणी शून्यावर आणा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला गैरसमज खारपाणपट्ट्यातला. पूर्णा खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, विहिरीचं पाणी मुळातच खारट. मग ‘आमच्याकडे निम्मं काम आयतंच झालेलं आहे’ असं लोकांना वाटतं. तसं नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम यांचं प्रमाण ठरलेलं असतं. भूजलातल्या क्षारांचं प्रमाण वेगळंच असतं, वर नायट्रेट आणि काही भागांत फ्लोराइड. त्यावर सॉल्ट मिक्स घातलं तर सॅलिनिटी (खारेपणा) जुळेल, पण आतलं पाणी समुद्राचं नसेल. म्हणून आधी पाण्यातलं सगळं काढायचं, मग हवं तेवढंच घालायचं.

दुसरा गैरसमज घरच्या आरओचा. पिण्याच्या बहुतेक आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं. काहींत मिनरलचं काडतूस असतं आणि अलीकडे तर ‘कॉपर’ लिहिलेलं काडतूसही असतं. माणसाला ते ठीक. रीफला घातक. असा आरओ वापरायचाच असेल तर मेम्ब्रेनमधून (आरओच्या मुख्य गाळणीतून) निघणाऱ्या पाण्याची नळी त्या सगळ्या काडतुसांच्या आधी वेगळी काढून घ्या.

गावच्या प्लांटच्या कॅनचं पाणीही पिण्यासाठीच केलेलं असतं. मीटर लावा, शून्य क्वचितच दिसेल. दुसरा मार्ग नसेल तर कॅनचं पाणी डीआय रेझिनमधून हळू सोडा आणि शून्यावर आणा. रेझिन लवकर संपतं, पण काम होतं.

स्वतःचा आरओ लावत असाल तर क्रम असा: सेडिमेंट फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन, शेवटी डीआय. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर असते. त्यातला क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतो, म्हणून कार्बन वेळेवर बदला. मेम्ब्रेन साधारण ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतो. बोअरचा टीडीएस १००० असेल तर मेम्ब्रेननंतरही २० ते ५० उरतो. तो शून्यावर आणणं हे डीआयचं काम.

गच्चीवरच्या टाकीचं वजन मेम्ब्रेनला पुरत नाही. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब मिळतो आणि मेम्ब्रेनला तीन ते चार बार लागतो. बूस्टर पंप घ्यावाच लागतो. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची: भर दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, आणि साध्या मेम्ब्रेनची कमाल मर्यादा ४५ अंश असते. गरम पाण्यात क्षार जास्त निसटतात ते वेगळंच. एप्रिल ते जून पाणी पहाटे किंवा रात्री उशिराच काढा.

आरओ सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांचं पाणी डीआयमध्ये न सोडता बाहेर टाका. बंद असताना मेम्ब्रेनच्या आत क्षार झिरपलेले असतात आणि ते थेट रेझिन खातात.

पावसाचं पाणी? टिनपत्र्यावरून आलेलं नको. पत्र्याचं जस्त त्यात उतरतं.

*तपासा: डीआयनंतर टीडीएस ०. मीटर १ किंवा २ दाखवू लागला की रेझिन बदला, ‘अजून थोडं चालेल’ म्हणू नका. रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते, आणि काचेवरचं तपकिरी शेवाळ तिथूनच सुरू होतं.*

टप्पा २: ड्रमची जागा आणि वीज

ड्रम घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, भिंतीला लागून, सपाट फरशीवर ठेवा. पत्र्याच्या पडवीत ठेवू नका. पन्नास लिटरचा भरलेला ड्रम पन्नास किलोच्या वर जातो, तेव्हा जागा आधी ठरवा. नंतर तो सरकत नाही.

ड्रमवर आतून किंवा बाहेरून लिटरच्या खुणा करा. पाच लिटरच्या मोजलेल्या भांड्याने पाणी ओतत जा आणि दर वेळी मार्करने रेघ मारा. अंदाजाने भरलेल्या ड्रममध्ये मिठाचा हिशेब कधीच जुळत नाही.

*सावधान: खारं पाणी आणि वीज. पंपाची वायर सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत पोचणार नाही. आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवा. गावातल्या जुन्या घरांत अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते वायरमनकडून तपासून घ्या. ड्रममध्ये हात घालण्याआधी प्लग काढा.*

टप्पा ३: आधी पाणी, मग पंप, शेवटी मीठ

ड्रममध्ये शून्य टीडीएसचं पाणी मोजून भरा. पंप असा लावा की तळ ढवळला जाईल आणि पृष्ठभागही हलत राहील. पाण्याचं तापमान २४ ते २६ अंश असावं. हे सगळं झाल्यावरच मिठाला हात लावा.

उलट क्रम कधीच नको. रिकाम्या ड्रममध्ये मीठ टाकून वरून पाणी सोडलं की तळाशी काही मिनिटं अतिशय तीव्र द्रावण तयार होतं. त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात आणि पांढरा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो. तो परत विरघळत नाही. सॅलिनिटी बरोबर दिसते, पण कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही कमी भरतात. पाणी दुधाळ झालं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर बहुधा हेच झालेलं असतं.

उष्णतेनेही हेच घडतं. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतो. मे महिन्यात खोलीतलं पाणीच ३४-३५ अंशांवर असतं, त्यामुळे जास्त अल्कलिनिटीची मिठं तेव्हा पटकन गढूळ होतात. उन्हाळ्यात ड्रमला ओलं गोणपाट गुंडाळून पंखा लावून ठेवा. कोरड्या हवेत ड्रम माठासारखा गार होतो. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा तिची गरजही उरत नाही.

टप्पा ४: मीठ मोजणं आणि घालणं

घरातलं मीठ, जाडं मीठ, सैंधव यांतलं काहीही चालत नाही. ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड असतं. रीफचंच सॉल्ट मिक्स हवं.

पिशवी उघडण्याआधी ती आडवी करून चांगली लोळवा. प्रवासात जड कण खाली आणि बारीक कण वर जातात. वरवरचं मीठ आधी वापरून तळाचं नंतर वापरलं तर दोन वेळचं पाणी सारखं होत नाही.

३५ पीपीटीसाठी (हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ) साधारण ३६ ते ३८ ग्रॅम प्रति लिटर लागतं; नेमका आकडा पाकिटावर असतो. मीठ हवेतली ओल धरतं, म्हणून काट्यावरचं वजनही थोडं फसवं असतं. माझी पद्धत कमीकडून वर जाण्याची आहे: ५० लिटरला आधी १.८ किलो, उरलेलं मोजणी झाल्यावर. कप-वाटीने मोजू नका. दाबून भरलेला कप आणि सैल भरलेला कप यांत बराच फरक पडतो.

पंप चालू असताना मीठ मूठ-मूठ करून, सगळीकडे भुरभुरत घाला. आधीची मूठ दिसेनाशी झाली की पुढची. पन्नास लिटरला दहा-पंधरा मिनिटं तरी द्या. तळाशी ढीग दिसला की पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने मोडा.

*सावधान: लाईन जाण्याची वेळ माहीत असेल तर त्याच्या तोंडावर मीठ घालू नका. अर्धं मीठ पडलं आणि पंप थांबला तर उरलेलं बाजूला ठेवा आणि पाइपने हाताने ढवळत राहा, ढीग बसू देऊ नका. पॉवरहेड कमी वॅटचा असतो, तो इन्व्हर्टरवर घेणं सगळ्यात सोपं.*

टप्पा ५: चोवीस तास

पाणी नितळ झालं म्हणजे तयार झालं, असं समजू नका. हवेशी वायूंची देवाणघेवाण व्हायला आणि पीएच स्थिर व्हायला वेळ लागतो. सर्वसाधारण मिठांसाठी मी एक पूर्ण रात्र आणि दिवस देतो. काही जास्त अल्कलिनिटीची मिठं मात्र काही तासांतच वापरा असं पाकिटावर सांगतात आणि फार वेळ ढवळलं तर त्यांचा साका बसतो. तिथे पाकिटाचं ऐका. गावात राहणाऱ्याने असं मीठ न घेतलेलंच बरं, कारण साठवून ठेवता येत नसेल तर आपल्याला त्याचा उपयोग नाही.

झाकण पूर्ण घट्ट न लावता थोडी फट ठेवा, आणि खोलीत डासांचा स्प्रे मारू नका.

टप्पा ६: मोजणी

रिफ्रॅक्टोमीटर आधी जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवला तरी ३५ ला तो चुकू शकतो, म्हणून ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. ते मिळालं नाही तर घरी करता येतं: साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही वजनाने. या द्रावणाचं अपवर्तन ३५ पीपीटीच्या समुद्रपाण्याइतकंच असतं. हे फक्त उपकरण जुळवण्यासाठी, टँकमध्ये घालण्यासाठी नाही. बाटलीचं बूच घट्ट ठेवा. बाष्पीभवन झालं की द्रावण बिघडलं.

आता आपल्या हवामानाची खास अडचण. बाजारातले बहुतेक रिफ्रॅक्टोमीटर तापमानाची दुरुस्ती १० ते ३० अंशांच्या आतच करतात. मेच्या दुपारी खोलीच ३८ अंशांवर असते. तेव्हा काढलेलं माप विश्वासाचं नसतं. पहाटे मोजा. उपकरण, जुळवणीचं द्रावण आणि नमुना अर्धा तास एकाच थंड खोलीत शेजारी शेजारी ठेवा, मग दोन-तीन थेंब टाकून अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून वाचा. निळ्या-पांढऱ्याची रेघ स्पष्ट नसेल तर काच पुसून पुन्हा.

शेतीसाठी ठिबकवाले जो ईसी पेन (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा) वापरतात, तो इथे चालेलच असं नाही. समुद्रपाण्याचा ईसी २५ अंशांला ५३ मिलिसिमेन्सच्या आसपास असतो आणि बरेच पेन त्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाहीत. तुमच्या पेनची मर्यादा आधी बघा.

लक्ष्य: ३५ पीपीटी, म्हणजे २५ अंशांला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. कमी भरलं तर ५० लिटरमध्ये एक पीपीटी वाढवायला सुमारे ५० ते ५५ ग्रॅम मीठ लागतं. जास्त झालं, समजा ३६, तर साधारण १.४ लिटर शुद्ध पाणी घाला. दुरुस्तीनंतर दोन तास ढवळून पुन्हा मोजा.

मग अल्कलिनिटी. टँकमध्ये ८ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) आहे आणि नवं पाणी ११ चं आहे, तर दहा टक्के बदलात टँक फक्त ०.३ ने वाढेल. घाबरायचं कारण नाही. तीस टक्के बदललं तर ०.९ ने वाढेल आणि संवेदनशील कोरल्सची टोकं पांढरी पडू शकतात. त्यामुळे मोठा बदल करण्याआधी ही टेस्ट टाळू नका. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या दरम्यान यावं. हे दर वेळी नाही, मिठाची नवी पिशवी उघडली की एकदा तपासा.

टप्पा ७: साठवण

सॅलिनिटी जुळली की झाकण घट्ट लावा. ड्रमवर चिकटपट्टी लावून तारीख, सॅलिनिटी आणि डीकेएच लिहा. खोली अंधारी असेल तर उत्तम, उजेडात शेवाळ येतं. पंप दिवसभर चालवायची गरज नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं आणि वापरण्याआधी तासभर पुरे. सतत चाललेला पंप उन्हाळ्यात पाणी आणखी तापवतो.

मी साधारण दोन आठवड्यांत पाणी वापरून टाकतो. त्यापुढे ठेवलं तर वापरण्याआधी अल्कलिनिटी पुन्हा मोजावी. सडक्या अंड्यासारखा वास आला तर टाकून द्या. ड्रमच्या भिंतीवर पांढरी पापडी धरली तर रिकामा करून व्हिनेगरने पुसा, ती विरघळते. मग शुद्ध पाण्याने विसळा.

किमान एका पाणी-बदलाचं पाणी कायम तयार ठेवा. लाईन सहा-सात तास गेली, एखादा मासा खडकामागे मरून सडला, तर त्या रात्री मीठ कालवत बसायला वेळ नसतो.

सुकं मीठ: उघडलेली पिशवी हवा काढून बांधा आणि रबराच्या झाकणाच्या बादलीत ठेवा. जून ते सप्टेंबर विशेष जपा. बोटाने फुटणारे खडे चालतात. दगडासारखं घट्ट झालेलं मीठ वापरण्याआधी थोड्या पाण्यात करून अल्कलिनिटी तपासा. कमी आली तर त्यावर पैसे गेले असं समजून सोडून द्या.

टप्पा ८: टँकमध्ये ओतण्याआधी

३ × १.५ × १.५ फुटांच्या टँकचं कागदावरचं पाणी १९० लिटर होतं, पण खडक आणि वाळू वजा जाता दीडशेच्या आसपास उरतं. दहा टक्के म्हणजे १५ लिटर.

आधी टँकमधलं बाष्पीभवन शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढा, मग टँकची सॅलिनिटी मोजा, मगच बदल करा. कोरड्या उन्हाळ्यात रोज पाणी उडतं. मीठ मागेच राहतं. ही घट खाऱ्या पाण्याने भरली की सॅलिनिटी आठवड्याला चढत जाते, आणि दोष मिठाच्या कंपनीला दिला जातो.

तापमान: ३६ अंशांचं १५ लिटर पाणी २६ अंशांच्या टँकमध्ये गेलं की टँक २७ ला पोचतो. टँक आधीच २९ वर असेल तर हा एक अंशही जड जातो. बाटलीत पाणी गोठवून, बाहेरून धुऊन, बूच लावलेली ती बाटली ड्रममध्ये तरंगत ठेवा. बर्फ थेट टाकू नका, सॅलिनिटी उतरते. डिसेंबर-जानेवारीत उलटं: रात्री पारा दहापर्यंत उतरतो, तेव्हा ड्रममध्ये हीटर लागतो. पाणी उपसण्याआधी तो बंद करून दहा मिनिटं थांबा. गरम काच हवेत उघडी पडली की तडकते.

*तपासा: सॅलिनिटीत फरक १ पीपीटीच्या आत, तापमानात २ अंशांच्या आत, पाणी नितळ, ड्रमच्या तळाशी साका नाही. चारही होकार आले तरच पुढे. तळाचे शेवटचे दोन-तीन लिटर ड्रममध्येच राहू द्या.*

टँकचा पंप आणि हीटर बंद करा, जुनं पाणी काढा, नवं हळू सोडा, थेट कोरलवर नको. मग सगळं परत चालू केलं का ते स्वतः बघा. हीटर सुरू करायचा राहणं ही थंडीतली नेहमीची चूक आहे.

टप्पा ९: काढलेलं पाणी आणि आरओचं वाया पाणी

काढलेल्या १५ लिटरमध्ये अर्धा किलोहून जास्त मीठ असतं. दर आठवड्याला परसात ओतलं तर वर्षाला सव्वीस-सत्तावीस किलो. आपली काळी माती सोडियमने बिघडते: कण सुटे होतात, पावसात चिखलाचा लगदा आणि उन्हात दगड, पाणी आत मुरतच नाही. लिंबाच्या आळ्यात, गुरांच्या पाण्याजवळ, विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात हे पाणी जाऊ देऊ नका. नालीत सोडा आणि मागून दोन-तीन बादल्या साधं पाणी ओता.

आरओचं वाया पाणी बनवलेल्या पाण्याच्या तीन-चार पट निघतं. ते भांडी, फरशी, अंगण धुवायला वापरा. कूलरमध्ये नको, जाळ्यांवर क्षार बसतात. खारपाणपट्ट्यात असाल तर ते झाडांनाही देऊ नका.